कागदावरची मात्रा आणि यंत्रातला क्षण

माळशिरस तालुक्यात नीरा नदीच्या परिसरात वसलेले अकलूज हे गाव सहकारी साखर कारखानदारीसाठी जितके विख्यात आहे, तितकेच ते गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांच्या स्मरणार्थ येथे भरू लागलेल्या राज्यस्तरीय लावणी स्पर्धांमुळे रसिकांच्या परिचयाचे झाले. आणि आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी येथे मुक्कामास येऊन गोल रिंगण होते, तेव्हा टाळमृदंगाचा जो गजर या भूमीवर उठतो तो लक्षात घेतला म्हणजे ढोलकी, हलगी, मृदंग आणि टाळ यांची लय बालपणापासून ज्यांच्या कानांत मुरलेली आहे, अशा माणसांची या पंचक्रोशीत वाण नसावी, हे सहज पटते. अशा मुलखातील गाणेवाजवणे आज संगणकावर उतरते. ढोलकीवाल्याची थाप, पेटीचे सूर आणि गायिकेचा आवाज यांची नोंद यंत्रात होते, तिच्यावर फेरफार होतात, आणि मग एक जुनाच प्रश्न नव्या वेषात समोर उभा राहतो: वाजवलेला ठोका आपल्या ठरल्या जागेवरून किंचित पुढे किंवा मागे पडला असता त्याला सरकवावयाचे की नाही, सरकवावयाचे तर किती, आणि कोणाच्या हुकुमाने?

या प्रश्नाला उत्तर देणारी सॉफ्टवेअरे स्थूलमानाने दोन जातींची आहेत. एका जातीची सॉफ्टवेअरे स्वरलेखनासाठी निर्माण झाली. त्यांचा अंतिम हेतू असा की, वादकापुढे ठेवता येईल असा स्वच्छ, वाचनीय कागद तयार व्हावा. दुसऱ्या जातीला सिक्वेन्सर म्हणतात. तिचा हेतू कागद नसून नाद आहे, आणि कोणता स्वर कोणत्या क्षणी सुरू झाला व कोणत्या क्षणी संपला याची काटेकोर जंत्री ठेवणे हे तिचे मुख्य काम होय. गेल्या चाळीस वर्षांत दोन्ही जातींनी एकमेकींचे गुण इतके उचलले आहेत की, वरवर पाहणाऱ्यास त्यांतील भेद मावळला असे वाटावे. परंतु स्वराच्या कालस्थानात फेरफार करण्याची वेळ आली की हा भेद पुन्हा पूर्ण शक्तीनिशी प्रकट होतो. शेतजमिनीच्या बाबतीत सातबाऱ्यावरील नोंद एक आणि प्रत्यक्ष वहिवाट दुसरी अशी स्थिती असली, तरी दोन्ही आपापल्या ठिकाणी खऱ्या असू शकतात, आणि तंटा उत्पन्न होतो तो एकीवरून दुसरी परस्पर सिद्ध करण्याचा प्रयत्न झाला म्हणजे. लिहिलेला काळ आणि वाजवलेला काळ यांचा संबंध नेमका असाच आहे, आणि या आढाव्यात निरनिराळ्या सॉफ्टवेअरांनी या दोन नोंदींची व्यवस्था कशी लावली आहे, हेच मुख्यतः पाहावयाचे आहे.

स्वरलेखनाचा मराठी वारसा

हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मास आला, अशी समजूत असेल तर ती टाकून दिली पाहिजे. महाराष्ट्रीय संगीतकारांनी स्वरलेखनाच्या पद्धती घडविल्या तेव्हाच त्यांना काळ कसा लिहावयाचा याचा निर्णय करावा लागला होता. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात १८८६ मध्ये निघालेल्या संगीतशाळेत मौलाबक्ष यांनी स्वतःच्या लेखनपद्धतीचा उपयोग केला. पुढे विष्णु नारायण भातखंडे आणि विष्णु दिगंबर पलुस्कर या दोन विष्णूंनी आपापल्या स्वतंत्र पद्धती प्रचारात आणल्या, आणि काळाच्या दृष्टीने पाहता या दोघांत जो तात्त्विक फरक आहे तो आजच्या सॉफ्टवेअरांच्या वादावर आश्चर्यकारक प्रकाश पाडतो.

पलुस्करांच्या पद्धतीत प्रत्येक स्वराखाली त्याच्या कालमानाची स्वतंत्र खूण असते. स्वर एका मात्रेचा आहे, अर्ध्याचा आहे की पाव मात्रेचा आहे, हे त्या स्वरापुरते सांगून टाकलेले असते. भातखंड्यांच्या पद्धतीत मात्रा ही एक जागा आहे. तिच्यात एक स्वर आला तर तो एका मात्रेचा, आणि अनेक आले तर त्यांच्याखाली एक कंस काढला की तेवढ्यांनी ती मात्रा समभागाने वाटून घेतली, असा अर्थ होतो. स्वर लांबला तर अवग्रहाने ती जागा भरावयाची. त्यांच्या मराठीतील ‘हिंदुस्तानी संगीत पद्धति’च्या क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत शेकडो चिजा या रीतीने छापल्या गेल्या. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कंसात सात स्वर लिहिले तर प्रत्येकाचा वाटा मात्रेचा सातवा हिस्सा ठरतो, आणि तो हिस्सा पूर्णांकात बसतो की नाही हा प्रश्न लेखकाला पडतच नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या दोन्ही पंडितांनी पुष्कळ काही मुद्दाम लिहिले नाही. कणस्वर मुख्य स्वराच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिला जातो आणि त्याला मात्रेत वाटा मिळत नाही. मींड एका वक्ररेषेने दाखविली जाते, पण ती मात्रेच्या कोणत्या भागात सुरू होते हे रेषा सांगत नाही. ते गुरुमुखातून शिकावयाचे. कागदाची मर्यादा त्यांना ठाऊक होती, आणि जे कागदावर आले नाही ते अस्तित्वातच नाही असा दावा त्यांनी कधी केला नाही. आजच्या स्वरलेखन-सॉफ्टवेअरपुढील बहुतेक अडचणी संगणकाने हा संयम सोडल्यामुळे निर्माण झाल्या आहेत. जे लिहिले आहे ते त्याला वाजवून दाखवावेही लागते, आणि वाजवावयाचे म्हटले की कणस्वरालाही कोठून तरी काळ काढून द्यावा लागतो, मग तो आधीच्या स्वराचा असो की पुढच्या.

यंत्राचा वंश

सिक्वेन्सरचा पूर्वज निराळा आहे. कागदाच्या गुंडाळीवर छिद्रे पाडून पियानो आपोआप वाजविणाऱ्या यंत्रांची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली, आणि १९०४ मध्ये जर्मनीत निघालेल्या वेल्टे-मिन्योन या यंत्राने वादकाचे प्रत्यक्ष वादनच अशा गुंडाळीवर नोंदवून घेण्याची किमया केली. गुंडाळीवरील छिद्र म्हणजे मात्रा नव्हे. छिद्र कोठे सुरू होते आणि किती लांब आहे, एवढेच यंत्र जाणते. ताल, सम, खाली या कल्पनांशी त्याला कर्तव्य नसते. आजच्या प्रत्येक सिक्वेन्सरमध्ये आडव्या पट्ट्यांनी स्वर दाखविणारी जी खिडकी असते तिला पियानो रोल हेच नाव आहे, आणि तिची दृष्टीही त्या गुंडाळीचीच आहे.

१९८३ मध्ये निरनिराळ्या कारखान्यांची वाद्ये परस्परांशी बोलू शकावीत म्हणून मिडी हा करार प्रचारात आला. त्याच्या तारेतून स्वर सुरू झाल्याची व संपल्याची आज्ञा जाते, परंतु ती आज्ञा कोणत्या वेळेची आहे हे आज्ञेत लिहिलेले नसते. ती पोहोचली तोच तिचा क्षण. मूळच्या मिडी तारेचा वेग सेकंदास ३१,२५० बिटांचा असल्याने एका स्वराची आज्ञा पोहोचण्यास सुमारे एक मिलिसेकंद लागतो, म्हणून दहा बोटे एकदम टेकली तरी दहावा स्वर पहिल्याच्या मागून काही मिलिसेकंदांनी पोहोचतो. पुढे मिडीच्या नोंदी फाइलमध्ये साठविण्याचा प्रघात ठरला तेव्हा काळ मोजण्यासाठी टिक हे एकक आले: एका चतुर्थांश स्वराचे, म्हणजे आपल्या सोयीसाठी एका मात्रेचे, अमुक इतके समान भाग.

या भागांच्या संख्येतच पुढील सर्व वादाचे बीज आहे. अकाई कंपनीच्या १९८८ च्या एमपीसी ६० या यंत्रात मात्रेचे ९६ भाग असत, क्यूबेसमध्ये पूर्वापार ४८० मानले गेले, आणि प्रो टूल्स व लॉजिक या प्रणालींत ९६०. मिनिटास १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची होते, तेव्हा ९६ भागांचे यंत्र सुमारे ५ मिलिसेकंदांपेक्षा बारीक फरक नोंदवू शकत नाही, तर ९६० भागांचे यंत्र अर्ध्या मिलिसेकंदापर्यंत पोहोचते. ४८० या आकड्याचा निम्मा, तिसरा, चौथा, पाचवा आणि आठवा हिस्सा पूर्णांकात येतो, म्हणून तो सोयीचा. परंतु सातवा हिस्सा ६८.५७ येतो, आणि तेथे यंत्राला काही टिक इकडचे तिकडे करावे लागतात. भातखंड्यांच्या कंसाला ही अडचण नव्हती.

सिक्वेन्सरची रीत

सिक्वेन्सरमध्ये स्वराचे कालस्थान हा एक आकडा असतो, आणि तो बदलणे म्हणजे पट्टी उंदराने ओढणे किंवा आकडा बदलून लिहिणे. ही मुभा पूर्ण आहे. स्वर एका टिकने मागे न्यावा, सगळा ढोलकीचा ट्रॅक दहा मिलिसेकंदांनी पुढे घ्यावा, केवळ समेचे ठोके तेवढे निवडून सरकवावेत, यात कोणाची हरकत येत नाही, आणि या सर्व फेरफारांचा कानावर होणारा परिणाम तत्काळ पारखता येतो.

याच मुभेच्या जोडीला क्वांटाइझ हे साधन आले. १९८० च्या आपल्या एलएम-१ या ढोलयंत्रात रॉजर लिन यांनी ठोके जवळच्या जाळीरेषेवर आणून बसविण्याची आणि त्याचबरोबर दोन ठोक्यांतील अंतर ठरावीक प्रमाणात असमान ठेवण्याची, म्हणजे स्विंगची, सोय केली, आणि तेव्हापासून ही दोन साधने प्रत्येक सिक्वेन्सरचा अविभाज्य भाग झाली आहेत. प्रारंभीच्या यंत्रांत क्वांटाइझ केले की मूळ वादन गेले ते गेलेच. हळूहळू निर्मात्यांना त्यातील अन्याय उमगला. लॉजिकमध्ये क्वांटाइझ हा त्या तुकड्यावर लावलेला गुण असतो, तो काढला की मूळ जागा जशाच्या तशा परत येतात. क्यूबेसमध्ये क्वांटाइझ मागे घेता येते, आणि ठोके जाळीपर्यंत पूर्ण न नेता त्या दिशेने थोडेथोडे सरकविण्याचीही तरतूद आहे. एखाद्या उत्तम वादकाच्या वादनातील अंतरांचा साचा काढून घेऊन तो दुसऱ्या वादनावर लावण्याची ग्रूव्हची रीत ही याच मार्गावरील पुढची पायरी होय.

सिक्वेन्सरचे दौर्बल्य तेथे आहे जेथे कागद मागितला जातो. समजा, मिनिटास १२० मात्रांच्या लयीत ढोलकीचा ‘धा’ समेवर न पडता २० मिलिसेकंद मागून पडला. ४८० टिकांच्या हिशेबात ही तफावत सुमारे १९ टिकांची. पुढला ‘ति’ बरोबर अर्ध्या मात्रेवर पडला आहे. हे वादन जसेच्या तसे लिहावयास सांगितले, तर सॉफ्टवेअर मात्रेच्या बत्तिसाव्या हिश्श्याचा, म्हणजे १५ टिकांचा, एक विराम आधी छापते, आणि उरलेल्या पंधरा बत्तिसांशांसाठी ‘धा’ला पाव, अष्टमांश, षोडशांश आणि बत्तिसांश अशा चार तुकड्यांत कापून त्यांवर सांधरेषा काढते. ऐकणाऱ्यास जी एक भरदार थाप वाटली तिच्या जागी कागदावर एक विराम आणि चार जोडलेले स्वर येतात. वाचणारा वादक ते वाचील तर हसेल, आणि वाजवू गेला तर ठेका मोडेल.

यावर सिक्वेन्सरांनी जो तोडगा काढला तो महत्त्वाचा आहे. क्यूबेसच्या जुन्या स्वरलेखन-खिडकीत दिसण्यापुरते क्वांटाइझ करण्याची सोय होती, आणि लॉजिकमध्येही त्याच धर्तीचा अर्थ लावण्याचा गुण आहे: कागदावर स्वर जाळीवर बसल्यासारखा दिसतो, पण वाजतो आपल्या मूळ क्षणी. म्हणजे सिक्वेन्सरनेही अखेर मान्य केले की, लिहिलेला काळ वाजवलेल्या काळाहून वेगळा असावा लागतो. मात्र या व्यवस्थेत वाजवलेला काळ हा मालक आणि लिहिलेला काळ हा त्याचा तर्जुमा असतो, आणि अंदाजाने केलेला तर्जुमा गुंतागुंतीच्या जागी चुकतोच.

स्वरलेखन-सॉफ्टवेअरची रीत

स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही श्रेणी उलटी होते. तेथे स्वराचे स्थान हे त्याच्या लिखित मूल्यांच्या बेरजेतून निघते, आणि एक स्वर पाव मात्रेने लांबवला तर पुढले सगळे त्यानुसार सरकतात किंवा आवर्तनात जागा उरत नाही म्हणून सॉफ्टवेअर नकार देते. येथे काळ ही व्याकरणाची बाब आहे.

या जातीतील जुन्या नामांकित सॉफ्टवेअरांपैकी फिनाले १९८८ मध्ये निघाले आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याचा विकास थांबविल्याचे निर्मात्यांनी जाहीर केले. सिबेलियस १९९३ मध्ये इंग्लंडमधील फिन बंधूंनी बाजारात आणले. फिनालेत मात्रेचे १०२४ आणि सिबेलियसमध्ये २५६ भाग मानले जात. हे दोन्ही आकडे दोनच्या घातांचे असल्यामुळे निम्मे करत जाण्यास उत्तम, पण तिनाने त्यांना भाग जात नाही, म्हणून दादऱ्याच्या अंगाने मात्रेचे तीन समान भाग करावयाचे तर आत कोठेतरी हिशेब फिरवावा लागे. तरीही वाजवलेल्या काळाची दखल दोघांनीही घेतली. फिनालेच्या मिडी साधनात प्रत्येक स्वराचा आरंभ व अंत लिखित स्थानापासून किती टिक मागे-पुढे असावा हे नमूद करता येई, आणि कागदावर त्याचा काही परिणाम होत नसे. कीबोर्डवरून वादन नोंदविले असता सिबेलियसही प्रत्येक स्वराचे मूळ आरंभस्थान आणि लांबी वेगळी राखून ठेवते, व हुकूम केला तर त्यानुसारच वाजवून दाखविते. याशिवाय दोघांनी मानवी वादनाचा आभास निर्माण करण्यासाठी आपोआप थोडी चलबिचल मिसळण्याच्या सोयी दिल्या, परंतु ती चलबिचल सॉफ्टवेअरची असते, कोणा वादकाची नसते.

स्टाइनबर्ग कंपनीने २०१६ मध्ये आणलेले डोरिको हे या प्रश्नाची मांडणी सर्वांत स्पष्टपणे करते. सिबेलियसचे लंडनमधील कार्यालय २०१२ मध्ये बंद झाल्यावर तेथील मंडळींनीच ते घडविले, आणि त्यांनी आरंभापासूनच लिखित कालमान व वाजणारे कालमान या दोन गोष्टी स्वतंत्र मानल्या. पियानो रोलसारख्या खिडकीत एखाद्या स्वराची वाजण्याची पट्टी ओढून लांबवली तर कागद जसाचा तसा राहतो, आणि लिखित मूल्य बदलावयाचे असेल तर ती निराळी कृती ठरते. शिवाय डोरिको स्थाने अपूर्णांकात राखते, त्यामुळे मात्रेचा सातवा हिस्सा सातवाच राहतो. अशा रीतीने भातखंड्यांच्या कंसात जे तत्त्व होते ते अंकगणिताच्या रूपाने यंत्रात आले. आता तर क्यूबेसच्या २०२४ च्या चौदाव्या आवृत्तीत जुनी स्वरलेखन-खिडकी जाऊन तिच्या जागी डोरिकोवर आधारलेली खिडकी आली आहे, आणि दोन्ही घराण्यांची सोयरीक एकाच छपराखाली झाली आहे.

फुकट मिळत असल्याने होतकरू विद्यार्थ्यांना सर्वाधिक परवडणारे सॉफ्टवेअर म्हणजे म्यूझस्कोर. त्यात मात्रेचे ४८० टिक मानले जातात. तिसऱ्या आवृत्तीत पियानो रोलची खिडकी होती व तीतून स्वराच्या वाजण्याची वेळ लिखित मूल्याच्या हजाराव्या भागापर्यंत बदलता येत असे. २०२२ च्या अखेरीस आलेल्या चौथ्या आवृत्तीत नादाचा दर्जा पुष्कळ सुधारला, पण आरंभी ही खिडकी वगळण्यात आली. ज्याला केवळ चिजा लिहून छापावयाच्या आहेत त्याचे यामुळे काही अडले नाही. ज्याला ठेक्याचे वजन राखावयाचे होते त्याची मात्र गैरसोय झाली.

लय हा तिसरा थर

आतापर्यंत आपण दोनच काळांचा विचार केला; परंतु व्यवहारात तिसरा एक थर असतो आणि बहुतेक घोटाळे तो विसरल्यामुळे होतात. तो म्हणजे लय, सॉफ्टवेअरच्या भाषेत टेम्पो. बैठकीच्या लावणीत गायिका अदाकारीसाठी ओळ रेंगाळवते, ढोलकीवाला तिच्या मागे थांबतो आणि मग ठेका पुन्हा उचलतो. यात एकेक ठोका उशिरा पडलेला नसतो. सारी मात्राच ताणलेली असते.

समजा, सॉफ्टवेअरमध्ये लय १२० वर बांधून ठेवली आहे आणि गायिकेने आठ मात्रांचे एक आवर्तन ११२ च्या लयीत घेतले. प्रत्येक मात्रा ५०० ऐवजी सुमारे ५३६ मिलिसेकंदांची झाली, आणि आवर्तन संपून पुढली सम येईपर्यंत २८६ मिलिसेकंदांची तफावत साचली. अर्धी मात्रा २५० मिलिसेकंदांची. आता अर्ध्या मात्रेच्या जाळीवर क्वांटाइझ केले, तर सॉफ्टवेअर त्या समेला निर्विकारपणे अर्ध्या मात्रेवर नेऊन बसविते, आणि तेथून पुढले सगळे गाणे आडवे पडते. येथे एकेक स्वर सरकवीत बसणे व्यर्थ आहे. लयीचा नकाशाच वादनाप्रमाणे वाकवावा लागतो, आणि क्यूबेस, लॉजिक आदी सिक्वेन्सरांत ती सोय चांगली आहे. स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लयीच्या खुणा लिहिता येतात, पण झालेल्या वादनावरून लय शोधून काढणे हे त्यांचे बलस्थान नव्हे.

देवघेवीत काय गळते

दोन्ही जातींच्या सॉफ्टवेअरांमध्ये मजकुराची देवघेव प्रामुख्याने दोन मार्गांनी होते. मिडी फाइलमधून वाजवलेला काळ जातो, पण आवर्तनाचा अर्थ, सांधरेषा, कणस्वर, गाण्याचे शब्द कोणत्या स्वराखाली बसतात याची व्यवस्था, यांतील पुष्कळसे हरवते किंवा अंदाजावर सोडले जाते. मायकेल गुड यांनी रचलेल्या म्यूझिकएक्सएमएल या दुसऱ्या मार्गाने लेखन जवळपास संपूर्ण जाते, आणि त्यात स्वराचा आरंभ व अंत लिखित स्थानापासून किती हलवावा हे नोंदविण्याचीही जागा आहे. पण सगळी सॉफ्टवेअरे त्या नोंदीचा मान राखतात असे नाही, म्हणून व्यवहारात वाजवलेला काळ वाटेतच गळून पडतो. अर्थात एका मार्गाने गेलात तर नाद जगतो व लेखन जखमी होते, आणि दुसऱ्याने गेलात तर लेखन जगते व नाद सपाट होतो.

या अडचणीला अकलूज ज्यात येते त्या सोलापूर जिल्ह्याच्या मातीतील चित्रपटानेही तोंड दिलेले असणार. करमाळा तालुक्याच्या परिसरात चित्रित झालेल्या ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटासाठी अजय-अतुल यांच्या संगीतातील वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित झाला. जेथे समोर बसलेल्या वादकांना मराठी ठेक्याची ओळख नाही, तेथे रचनाकाराच्या मनातील लय त्यांच्यापर्यंत पाश्चात्य स्वरलेखनाच्या कागदानेच जाऊ शकते. अशा प्रसंगी कागद स्वच्छ हवा. बत्तिसांशाचे विराम व चार तुकड्यांची थाप त्यांच्यापुढे ठेवली तर तासाच्या भाड्याने घेतलेला स्टुडिओ वाचनातच संपून जाईल. उलट ढोलकी, हलगी यांचा ठेका मात्र जो वादक आपल्या हाताने वाजवितो त्याच्याच क्षणांवर राहावयास हवा. एकाच गाण्यात हे दोन न्याय नांदू शकतात, आणि नांदू द्यावे लागतात.

आपल्याकडील शोध

पाश्चात्य सॉफ्टवेअरांच्या या आढाव्यात आपल्या भूमीवर झालेल्या कामाची दखल न घेणे अन्यायाचे होईल. १९८० च्या दशकाच्या आरंभी बर्नार्ड बेल आणि जेम्स किपेन यांनी लखनौ घराण्याच्या तबल्यातील कायद्यांचा विस्तार समजून घेण्यासाठी बोल प्रोसेसर हे सॉफ्टवेअर तयार केले. त्याच्या पुढील आवृत्तीत प्रतीकांचा काळ आणि भौतिक काळ हे दोन निरनिराळे मानले गेले: बोलांची रचना प्रमाणांत लिहावयाची, आणि ती घड्याळाच्या कोणत्या क्षणांवर उतरते हे स्वतंत्रपणे ठरवावयाचे. डोरिकोने जे पुढे बाजारात आणले त्याची तात्त्विक मांडणी तबल्याच्या अभ्यासातून कितीतरी आधी झाली होती.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह केला, ज्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, त्याच्या ध्वनिमुद्रणात बेल यांचाही सहभाग होता. ओवीत अक्षरांची संख्या बांधलेली नसते. जात्याचा फेरा चालू असतो आणि ओळ त्याच्यावर कधी ताणून तर कधी आखडून बसविली जाते. अशा गाण्यात मात्रा कोणती हेच आधी ठरवावे लागते, मग जाळी कशाची टाकावयाची? मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात सुवर्णलता राव व विम व्हॅन डर मेर यांनी गायनाच्या स्वररेषा आलेखांतून दाखविल्या, आणि मुंबईच्याच आयआयटीत प्रीती राव व त्यांचे सहकारी हिंदुस्तानी संगीताच्या ध्वनीचे संगणकीय विश्लेषण करीत आले आहेत. या आलेखांतून एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते: मींडेतील स्वराला आरंभाचा एक निश्चित क्षण असतोच असे नाही. मिडीची सारी इमारत मात्र ‘स्वर सुरू झाला’ या एका क्षणावर उभी आहे. ढोलकीच्या थापेला असा क्षण असतो, पेटीच्या पट्टीला असतो, परंतु गायिकेच्या गळ्याला तो जबरदस्तीने चिकटवावा लागतो. म्हणून आवाजाचे कालस्थान सरकविताना नोंद नव्हे, तर ध्वनिमुद्रणाची लहरच कापावी-जोडावी लागते, आणि तेथे स्वरलेखनाचे सॉफ्टवेअर मुळीच उपयोगी पडत नाही.

निष्कर्ष

या सर्व विवेचनावरून असे दिसते की, स्वरलेखन-सॉफ्टवेअर श्रेष्ठ की सिक्वेन्सर श्रेष्ठ, हा प्रश्नच चुकीच्या अंगाने विचारला जातो. खरा निकष असा की, एखादे सॉफ्टवेअर लिहिलेला काळ, वाजवलेला काळ आणि लय या तीन नोंदी वेगळ्या ठेवते की नाही, आणि एकीत केलेला फेरफार दुसरीत आपोआप घुसवते की आपली परवानगी मागते. या कसोटीवर जुनी क्वांटाइझ यंत्रे नापास होतात. लॉजिक, क्यूबेस व सिबेलियस बऱ्याच अंशी उत्तीर्ण होतात. आणि डोरिको सर्वांत पुढे उभे राहते, जरी वादन नोंदवून त्यावरून लय ओळखण्याच्या कामी त्याला सिक्वेन्सरचा आधार घ्यावा लागत असला तरी.

यातूनच कामाचा क्रमही ठरतो. वादन नोंदविल्यावर आधी लयीचा नकाशा वादनाप्रमाणे वाकवावा, कारण तो चुकला तर पुढले सर्व आकडे निरर्थक होतात. मग कोणत्या ठोक्याचे विचलन हातचूक आणि कोणत्याचे ठेक्याचे वजन, याचा निवाडा करावा. हा निवाडा आकड्यांवरून होत नाही, पण आकडे त्याला साहाय्य करतात: समेचा ‘धा’ प्रत्येक आवर्तनात साधारण त्याच वीस मिलिसेकंदांनी मागे पडत असेल तर ती वादकाची भाषा आहे, आणि कधी मागे, कधी पुढे, कधी बरोबर असा पडत असेल तर तेथे हात लावण्यास जागा आहे. त्यानंतरच लिखित मूल्ये जाळीवर बसवून कागद तयार करावा, आणि वादनाची नोंद मूळ स्वरूपात वेगळी जपून ठेवावी.

लावणीच्या बाबतीत या शिस्तीचे महत्त्व अधिक आहे, कारण ढोलकीची बरीच विद्या आजही लेखनाबाहेर आहे, आणि फडातील जुने वादक कमी होत चालले आहेत. त्यांच्याकडून ठेके उतरवून घेणाऱ्याने केवळ क्वांटाइझ केलेली फाइल ठेवली, तर पुढल्या पिढीस बोल मिळतील, वजन मिळणार नाही. केवळ कच्चे वादन ठेवले, तर वजन मिळेल, पण शिकवण्यास कागद मिळणार नाही. संग्रह करावयाचा तो ध्वनिमुद्रण, लयीचा नकाशा आणि स्वच्छ बोललेखन या तिन्हींचा मिळून असावा, आणि त्यांतील एकाही नोंदीवरून दुसरी परस्पर दुरुस्त करण्याची मुखत्यारी यंत्राकडे देऊ नये. ती ज्याने तो ठेका वाजविला त्याच्याकडे, आणि तो हयात नसेल तर त्याच्यापाशी शिकलेल्याकडे राहिली पाहिजे.